किडींची छायाचित्रे जवळून कशी घ्यावीत?

पिकावर पडलेल्या किडीचा बंदोबस्त करावयाचा तर ती कीड कोणती, हे आधी निश्चित झाले पाहिजे. किडीची ओळख ही पीकसंरक्षणाची पहिली पायरी होय. ही पायरी चुकली तर पुढील सर्व श्रम आणि खर्च वाया जातो व ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी स्थिती होते.

आज बहुतेक शेतकऱ्यांच्या हाती छायाचित्र घेता येईल असा भ्रमणध्वनी, म्हणजे मोबाईल, आहे. पानांवर छिद्रे दिसू लागली की शेतकरी त्यांचे छायाचित्र घेऊन गावातील कृषि कार्यकर्त्याकडे पाठवितो. कार्यकर्ता ते कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञाकडे धाडतो. परंतु अशा छायाचित्रांपैकी कित्येकांत हिरव्या पार्श्वभूमीवर एक अंधूक काळपट ठिपका याखेरीज काहीच दिसत नाही. त्यावरून किडीचे नाव सांगणे तज्ज्ञालाही शक्य नसते. पुन्हा छायाचित्र मागविण्यात एक-दोन दिवस जातात. तेवढ्या अवधीत शेतकऱ्याचा धीर सुटतो आणि दुकानदार देईल ते औषध, बहुधा दोन-तीन औषधांचे मिश्रण करून, फवारले जाते. चांगले छायाचित्र कसे घ्यावे हे ठाऊक असते, तर यांतील बरेचसे नुकसान टळले असते. ही कला अवघड नाही व तिला महागडी साधनेही लागत नाहीत.

ओळख चुकल्याने होणारी हानी

चुकीच्या ओळखीमुळे होणारे नुकसान केवळ औषधाच्या किमतीपुरते मर्यादित नसते. शेतात आढळणारा प्रत्येक कीटक पिकाचा शत्रू नसतो. माव्याच्या वसाहतीत फिरणारी, करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची व सुसरीसारख्या आकाराची अळी पाहून पुष्कळ शेतकरी घाबरतात. वस्तुतः ती मावा खाणाऱ्या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असते. पिठ्या ढेकणावर उपजीविका करणाऱ्या क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याची अळी तर पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असल्यामुळे पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ती ढेकणापेक्षा मोठी व चपळ असते, एवढाच वरवरचा फरक. पानावर केसासारख्या बारीक देठांच्या टोकाला असलेली अंडी क्रायसोपा या मित्रकीटकाची असतात. अळीच्या अंगावर किंवा तिच्याजवळ तांदळाच्या कणीएवढे पांढरे पुंजके दिसले की ती तिची अंडी असावीत, असा समज होतो. परंतु अळीच्या शरीरात वाढून तिचा नाश करणाऱ्या लहान गांधीलमाशीचे ते कोश असतात. अळ्या अंडी घालीत नाहीत, अंडी पतंग घालतात, हे ध्यानात ठेवले तरी ही चूक होणार नाही.

याच्या उलट, वांग्याच्या पानांवरील ठिपकेदार एपिलॅक्ना भुंगेरा हा ढालकिड्याच्याच कुळातील असूनही पाने खरवडून खाणारा शत्रू आहे. त्याच्या पाठीवर बारीक लव असल्याने ती निस्तेज दिसते. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांची पाठ बहुधा तुळतुळीत व चकचकीत असते. एपिलॅक्नाची अळी पिवळी असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. ही लक्षणे नुसत्या डोळ्यांनी पटकन लक्षात येत नाहीत. जवळून घेतलेल्या स्पष्ट छायाचित्रात ती सहज दिसतात.

मित्रकीटक समजून शत्रूला जीवदान देणे किंवा शत्रू समजून मित्राला मारणे, या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला महागात पडतात. शिवाय प्रत्येक अनावश्यक फवारणी ही फवारणाऱ्याच्या जिवालाही धोका असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे विसरता येत नाही.

पूर्वीची रीत आणि आजची सोय

विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधील पुसा येथील कृषि संशोधन संस्थेत देशातील पिकांवरील किडींचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. तेथील कीटकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतीय कीटकसृष्टीवरील ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी कीटकांची चित्रे चित्रकार प्रत्यक्ष नमुना समोर ठेवून हाताने रंगवीत असत. शेतातील किडीचे नाव जाणून घ्यावयाचे झाल्यास नमुना काचेच्या नळीत घालून टपालाने पाठवावा लागे व उत्तर येईपर्यंत कीड आपले काम उरकून घेई.

आज छायाचित्र काही क्षणांत शेकडो मैल दूर पोहोचते. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ या नावाने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू करण्यात आला. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निगराणी प्रणालीचा प्रारंभ केला. तिच्या मोबाईलवरील ॲपमध्ये किडीचे छायाचित्र दिल्यास संगणकाच्या साहाय्याने ओळख पटविण्याची व सल्ला मिळविण्याची सोय आहे. परंतु तज्ज्ञ असो वा संगणक, दोघांनाही छायाचित्रात जे उमटले असेल तेवढेच दिसते. अस्पष्ट छायाचित्रावरून संगणक एखादे नाव सांगेलही, पण ते बरोबर असेलच असे नाही.

जवळच्या छायाचित्रणातील अडचण

मनुष्याचे किंवा बैलजोडीचे छायाचित्र घेणे आणि दोन मिलिमीटर लांबीच्या माव्याचे छायाचित्र घेणे यांत मोठा फरक आहे. कीड लहान असल्याने कॅमेरा तिच्याजवळ न्यावा लागतो. साधारण मोबाईलचे मुख्य भिंग सुमारे आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर नीट स्थिरावत नाही. म्हणून मोबाईल किडीला अगदी चिकटवून धरला की चित्र धूसर येते. छायाचित्रे बिघडण्याचे हे सर्वांत सामान्य कारण होय.

दुसरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची. दूरच्या दृश्यात पुढचे झाड आणि मागचे घर दोन्ही स्पष्ट येऊ शकतात. परंतु वस्तू जसजशी जवळ येते, तसतसा स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. ३६ × २४ मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यात वस्तूची प्रतिमा तिच्या मूळ आकाराएवढी घेतली, तर भिंगाचे छिद्र बरेच लहान ठेवूनही जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. छिद्र मोठे ठेवल्यास ही जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होते. त्यामुळे अळीचे डोके स्पष्ट आले तर शेपटीकडचा भाग अस्पष्ट राहतो. यावर उपाय असा की, किडीचे शरीर आणि कॅमेऱ्याचे भिंग एकमेकांना समांतर ठेवावे. अळी लांबीने दाखवावयाची असेल तर कॅमेरा तिच्या पाठीवर सरळ, म्हणजे काटकोनात धरावा, तिरका धरू नये.

तिसरी अडचण हालचालीची. चित्र जितके मोठे होते, तितकी हाताची थरथर आणि वाऱ्याने होणारी पानाची हालचालही मोठी होते. दुरून न जाणवणारा कंप जवळच्या छायाचित्रात सर्व तपशील पुसून टाकतो.

साधने

प्रारंभीच्या कामास पुढील साधने पुरेशी आहेत.

१. मोबाईल. काही मोबाईलमध्ये जवळच्या छायाचित्रणासाठी ‘मॅक्रो’ सोय असते. ती असल्यास वापरावी.

२. दहापट मोठे दाखविणारे हातभिंग. सर्वेक्षणासाठी वापरले जाणारे भिंगच येथे उपयोगी पडते. ते मोबाईलच्या भिंगासमोर अगदी जवळ धरावे आणि मोबाईल किडीपासून सुमारे अडीच सेंटिमीटर अंतरावर न्यावा. या भिंगाचे केंद्रांतर साधारण तेवढेच असते. मोबाईलला चिमट्याने बसणारी भिंगेही बाजारात मिळतात.

३. पांढरा आणि काळा असे दोन जाड कागद. गडद रंगाच्या किडीसाठी पांढरा व फुलकिडे, पांढरी माशी यांसारख्या फिकट किडींसाठी काळा कागद पार्श्वभूमी म्हणून वापरावा.

४. मिलिमीटरच्या खुणा असलेली फूटपट्टी किंवा आलेखाच्या कागदाचा तुकडा.

५. मऊ केसांचा लहान कुंचला, एक-दोन झाकणाच्या बाटल्या आणि भिंग पुसण्यासाठी स्वच्छ मऊ कापड. शेतात भिंगावर धूळ व घामट बोटांचे ठसे नेहमीच बसतात. प्रत्येक वेळी ते पुसूनच काम सुरू करावे.

वेळ व प्रकाश

कीटकांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे कमीजास्त होते. त्यामुळे सकाळच्या थंड वेळी ते सुस्त असतात. दिवसा स्पर्श होताच उडून जाणारी पांढरी माशी किंवा तुडतुडे सकाळी लवकर पानाखाली बऱ्यापैकी स्थिर सापडतात. त्या वेळी वाराही कमी असतो. म्हणून सूर्योदयानंतरचे दोन तास या कामास उत्तम.

दुपारच्या कडक उन्हात पानाची चकाकी व गडद सावल्या यांमुळे किडीच्या अंगावरील खुणा दिसेनाशा होतात. दुपारीच छायाचित्र घेणे भाग पडले तर छत्रीची किंवा स्वतःच्या अंगाची सावली किडीवर धरावी आणि दुसऱ्या बाजूने पांढऱ्या कागदावरून परावर्तित झालेला मऊ प्रकाश तिच्यावर पाडावा. मोबाईलचा दिवा थेट लावू नये. लावणे आवश्यकच असेल तर त्यापुढे पातळ पांढरा कागद धरावा.

पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांसारख्या पांढऱ्या किडी गडद पानावर असल्या की कॅमेरा पानाच्या हिशेबाने उजेड घेतो व कीड पांढऱ्या डागासारखी उमटते. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर किडीच्या जागी बोट टेकवून फोकस करावा व उजेड किंचित कमी करावा, म्हणजे किडीचे अवयव दिसू लागतात.

छायाचित्र घेण्याची पद्धत

किडीजवळ हळूहळू जावे. तिच्यावर एकाएकी आपली सावली पडू देऊ नये, कारण सावली पडताच पुष्कळ किडी उडतात किंवा खाली पडतात. मोबाईल दोन्ही हातांनी धरून कोपरे अंगाशी टेकवावीत, किंवा हात गुडघ्यावर अथवा काठीवर टेकवावा. वाऱ्याने पान हलत असल्यास सोबतच्या व्यक्तीने ते देठाजवळ धरावे. पडद्यावर किडीच्या जागी बोट टेकवून फोकस स्थिर करावा. त्यानंतर मोबाईल अगदी हळू मागेपुढे करीत किडीच्या खुणा लख्ख दिसताच श्वास रोखून छायाचित्र घ्यावे. एकाच किडीची आठ-दहा छायाचित्रे लागोपाठ घ्यावीत व त्यांतील उत्तम ती ठेवावीत.

पडद्यावर बोटांनी झूम करून कीड मोठी दिसत असली, तरी त्याने नवा तपशील बहुधा मिळत नाही. असलेले चित्रच ताणले जाते. त्यापेक्षा ज्या अंतरावर चित्र स्पष्ट येते त्या अंतरावरून छायाचित्र घ्यावे व नंतर अनावश्यक भाग कापून टाकावा.

किडीच्या सवयीप्रमाणे पद्धत थोडी बदलावी लागते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी व लाल कोळी बहुधा पानाच्या खालच्या बाजूस असतात. तेव्हा पान अलगद उलटून पाहावे. कांद्यावरील फुलकिडे पातीच्या बेचक्यात लपतात व त्यांची लांबी सुमारे एक मिलिमीटर असते. पात किंवा फूल काळ्या कागदावर झटकले असता ते कागदावर दिसतात. लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असून प्रौढ कोळ्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. पायांची संख्या छायाचित्रात मोजता आली तर औषधाची निवड बदलते. कोळ्यांवर कोळीनाशक लागते, सर्वच कीटकनाशके त्यांच्यावर चालत नाहीत. कपाशीवरील तुडतुड्याच्या प्रत्येक पुढच्या पंखावर एक काळा ठिपका असतो व त्याची पिले तिरकी चालतात. शेंदरी बोंडअळी तर बाहेर दिसतच नाही. तिच्यासाठी गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, उघडून पाहाव्यात किंवा हिरवी बोंडे चिरावीत व उघडलेले बोंड आणि आतील अळी यांचे एकत्र छायाचित्र घ्यावे.

कोणकोणती छायाचित्रे हवीत?

एकाच छायाचित्रावरून ओळख क्वचितच पटते. तज्ज्ञाला पुढील क्रमाने पाच-सहा छायाचित्रे मिळाल्यास निर्णय देणे सोपे जाते.

पहिले छायाचित्र शेताचे घ्यावे. त्यावरून कीड सर्वत्र आहे की कडेला किंवा ठिकठिकाणी आहे, हे कळते. दुसरे पूर्ण झाडाचे. तिसरे नुकसान झालेल्या भागाचे. चौथे किडीच्या पाठीचे, पाचवे बाजूचे व सहावे डोक्याचे. अंडी, विष्ठा, कात, कोश यांपैकी जे सापडेल त्याचेही एक छायाचित्र जोडावे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या उदाहरणावरून या क्रमाचे महत्त्व कळून येईल. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या शास्त्रीय नावाची ही कीड मूळची अमेरिका खंडातील आहे. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली व मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर तिची भारतातील पहिली नोंद झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. मक्यावर तिच्याखेरीज खोडकिडा, तंबाखूवरील पाने खाणारी अळी, घाटेअळी व देशी लष्करी अळी याही आढळतात. दुरून घेतलेल्या छायाचित्रात या सर्व सारख्याच दिसतात. रंगावर विसंबावे तर घाटेअळी हिरवी, तपकिरी, गुलाबी अशा अनेक रंगांत आढळते. अमेरिकन लष्करी अळीच्या रंगाच्या छटाही बदलतात. रंग फसवितो, खुणा फसवीत नाहीत.

खुणा अशा आहेत. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर पुढून पाहिले असता इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे ठेवावे तशी फिकट रेषा दिसते. शेपटीकडून दुसऱ्या वलयावर चार गडद ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांप्रमाणे असतात. इतर वलयांवरही चार-चार ठिपके असतात, पण त्यांची मांडणी चौरसाकृती नसते. तंबाखूवरील अळीच्या पाठीच्या दोन्ही बाजूंस काळ्या त्रिकोणी डागांच्या रांगा असतात. खोडकिड्याच्या फिकट अंगावर गडद ठिपक्यांच्या रांगा व तपकिरी डोके असते. अर्थात मक्यातील अळीसाठी तीन छायाचित्रे अटळ आहेत: डोके समोरून, शेपटीकडील वलये वरून, आणि पोंगा. पोंग्यात भुशासारखी ओली विष्ठा साचलेली व पानांवर लांबट छिद्रे दिसत असल्यास ओळखीला पुष्टी मिळते. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या बारीक अळीवर या खुणा स्पष्ट नसतात. अशा वेळी शेजारच्या झाडावरील मोठी अळी शोधावी. पूर्ण वाढलेली अळी तीन ते चार सेंटिमीटर लांब असते.

मोजमाप व सोबतची माहिती

छायाचित्रात कीड मोठी दिसते, पण ती प्रत्यक्षात केवढी आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणून निदान एका छायाचित्रात किडीशेजारी फूटपट्टी किंवा आलेखाचा कागद ठेवावा. नाणे ठेवू नये, कारण एकाच किमतीच्या नाण्यांचे आकार वेळोवेळी बदललेले आहेत. मापपट्टी किडीच्या पातळीतच ठेवावी. ती मागे किंवा पुढे असल्यास माप चुकते.

छायाचित्रासोबत पुढील माहिती लिहून पाठवावी: गाव व तालुका, तारीख, पीक व वाण, पेरणीची तारीख, कीड झाडाच्या कोणत्या भागावर आढळली, किती झाडे पाहिली व त्यांपैकी किती झाडांवर कीड होती, यापूर्वी कोणती फवारणी केव्हा केली. यांतील झाडांच्या संख्येचे महत्त्व विशेष आहे. एका झाडावरील अळीचे सुंदर छायाचित्र पाहून सर्व शेत फवारणे योग्य नव्हे. किडीचे नाव छायाचित्र सांगते, परंतु फवारणीची गरज आहे की नाही हे संख्याच सांगते. शेतात आडवेतिडवे चालून वेगवेगळ्या ठिकाणची झाडे मोजावीत व आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे किंवा कसे, हे तपासावे.

छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविली की त्यांचा आकार लहान होतो व बारीक खुणा नाहीशा होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ छायाचित्र जसेच्या तसे पोहोचते. रंग बदलणारी किंवा सौंदर्य वाढविणारी कोणतीही सोय वापरू नये.

छायाचित्राच्या मर्यादा

छायाचित्राने सर्वच किडींची ओळख पटत नाही. फुलकिड्यांच्या व पिठ्या ढेकणांच्या जाती ठरविण्यासाठी त्यांचे नमुने काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. पांढऱ्या माशीची जात बहुधा तिच्या कोशावरून ठरते. दिसायला सारखे असणारे काही पतंग तर शरीराचे विच्छेदन केल्यावरच ओळखता येतात. म्हणून छायाचित्र घेतल्यावर त्याच किडीचे काही नमुने जपून ठेवावेत. मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण हे थेट ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवता येतात. अळ्या तशाच टाकल्या तर काळ्या पडतात. यासाठी त्या प्रथम उकळी आलेल्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. काही जिवंत अळ्या जाळीदार झाकणाच्या बरणीत त्याच पिकाच्या ताज्या पानांवर वाढवाव्यात. त्यांतून पतंग निघतो की परोपजीवी माशी, हे पाहिल्याने शेतातील मित्रकीटकांचाही अंदाज येतो.

घ्यावयाची काळजी

नुकतीच फवारणी झालेल्या शेतात छायाचित्रासाठी शिरू नये. औषधाच्या वेष्टणावर शेतात पुन्हा जाण्याचा अवधी दिलेला असल्यास तो पाळावा. केसाळ अळ्यांना हात लावू नये, काहींच्या केसांनी त्वचेची आग होते व पुरळ उठते. अशा अळ्या पानासकट उचलाव्यात. गांधीलमाश्या व मधमाश्या यांच्या पोळ्याजवळ भिंग घेऊन जाऊ नये. बांधावर व दाट पिकात बसण्यापूर्वी साप-विंचू नाही याची खात्री करून घ्यावी. एका शेतातील किडीचे जिवंत नमुने दुसऱ्या गावी नेऊ नयेत.

गावाचा किडींचा संग्रह

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने हंगामभर घेतलेली छायाचित्रे तारीख, पीक व तज्ज्ञाने सांगितलेले नाव यांसह एकत्र ठेवल्यास दोन-तीन वर्षांत त्या गावाचा स्वतःचा संग्रह तयार होतो. कोणती कीड कोणत्या आठवड्यात प्रथम दिसते, तिच्यामागोमाग कोणते मित्रकीटक येतात, हे त्यावरून कळू लागते. यातील निवडक छायाचित्रे मोठी छापून ग्रामपंचायतीच्या किंवा सहकारी सोसायटीच्या कचेरीत लावावीत. एका बाजूस शत्रुकीटक, दुसऱ्या बाजूस मित्रकीटक व खाली प्रत्येकाची प्रत्यक्ष लांबी अशी मांडणी केल्यास शेतीशाळेतही त्यांचा चांगला उपयोग होतो. शाळेतील मुले या कामी उत्साहाने मदत करतात, कारण त्यांची नजर तीक्ष्ण असते आणि त्यांना वाकण्याचा कंटाळा नसतो.

येत्या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान चार-पाच शेतकरी बंधुभगिनींना हातभिंग व मोबाईल यांचा हा एकत्रित उपयोग प्रत्यक्ष शेतात करून दाखवावा. पिकावर अनोळखी कीड दिसताच पंपाकडे हात जाण्याआधी भिंगाकडे जावा, ही सवय गावात रुजली, तर औषधाचा बराच खर्च वाचेल आणि शेतातील मित्रकीटकांचेही रक्षण होईल.